रेडिएटरचा फॅन बंद-चालू: आधी घड्याळ, मग पाना

बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की रांगेतल्या गाड्यांचे फॅन एकामागून एक सुरू होतात. इंजिन चालू, गाडी उभी, समोरून वारा नाही. दोन-तीन मिनिटांत बॉनेटखालून घुर्र आवाज येतो, मिनिटभराने थांबतो, काही वेळाने पुन्हा येतो. यात बिघाड काहीच नाही. इलेक्ट्रिक फॅनचं कामच ते: कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ठरलेल्या अंशाला पोचलं की फिरायचं, चार-सहा अंश उतरलं की थांबायचं. तरीही 'फॅन बंद-चालू होतो' ही तक्रार घेऊन गाड्या येतात, आणि बहुतेक वेळा येण्याआधीच त्यांचा सेन्सर (कूलंटचं तापमान सांगणारा) आणि थर्मोस्टॅट (ठरल्या तापमानाला कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलून झालेला असतो.

ज्या गाडीबद्दल इथे लिहितोय ती अशीच आली. लहान पेट्रोल हॅचबॅक, केए २३ पासिंग, म्हणजे चिकोडीकडची. रोजचा प्रवास संकेश्वरवरून बेळगाव, आणि दिवस उसाच्या गाळपाचे. तक्रार एका वाक्याची: "ओ, फॅन सारखा बंद-चालू होऊलालाय बघा. सेन्सर नवा घातला, तरी तेच." टेंपरेचरचा काटा मात्र मधोमध. काट्यावर जाऊ नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत मधेच उभा राहील. चालवणाऱ्याला उगाच घोर लागू नये म्हणून केलेली सोय आहे, पण दोष शोधताना तिचा काडीचा उपयोग नाही.

मालकाला विचारण्यासारखे प्रश्न दोनच होते. गाडी हायवेला तापते की उभी असताना? ताशी साठच्या पुढे समोरचा वाराच पुरतो, तिथे फॅनचं काम जवळजवळ नसतं. म्हणून हायवेला तापणाऱ्या गाडीत आधी रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट बघायचे. ही गाडी वंटमुरी घाट निवांत चढत होती. दुसरा प्रश्न: गेटला उभं असताना एसी गार करतो का? उत्तर आलं, "नाही, गाडी हलली की मग गार." या उत्तराने निम्मं काम झालं होतं, पण निम्म्या कामावर पार्ट मागवायचा नसतो.

मग बॉनेट उघडून घड्याळ लावलं. एसी बंद, लाईट बंद, इंजिन आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू. वहीत दोनच रकाने: फॅन सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ. वीस मिनिटं नुसतं बसून बघायचं काम कंटाळवाणं आहे आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हा काहीच करत नाही. तरी आमच्या मते अख्ख्या तपासणीत यापेक्षा मोलाची पायरी नाही. पहिल्यांदा फॅन लागला तो एकदम मोठ्या आवाजात, ४८ सेकंद फिरला, थांबला. दोन मिनिटं दहा सेकंदांनी पुन्हा लागला, ५० सेकंद फिरला. तिसऱ्या फेरीत मात्र २० सेकंद फिरून तुटला, चार सेकंदांनी आपोआप लागला, सात सेकंदांनी परत तुटला, मग सरळ फिरून थांबला. चौथी फेरी पुन्हा नीट. पाचवीत तीनदा तुटला.

म्हणजे वहीत दोन वेगवेगळे ताल उतरले होते. एक नियमित, मिनिटांचा. दुसरा अनियमित, सेकंदांचा. एका दोषातून असे दोन ताल सहसा निघत नाहीत.

तालावरून दिशा कशी ठरते तेही इथेच सांगतो. फॅन बराच वेळ फिरतो आणि जेमतेम थांबतो, तेव्हा उष्णता बाहेर पडत नसते: जाळीत कचरा, आतून क्षार, फॅनचा जोर कमी, नाहीतर मोटर उलटी फिरतेय. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्याने फॅन पुढे वारा फेकतो, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. कागद पुढच्या बाजूने जाळीला धरावा, तो ओढून चिकटला पाहिजे. फॅन दोन-पाच सेकंदांसाठी लागतो आणि बंद होतो, आणि त्याच वेळी स्कॅनरवर (गाडीला जोडून इंजिनचे आकडे दाखवणारं यंत्र) तापमान ९२ वरून १०५, परत ९० असं उड्या मारतं, तेव्हा सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) ढिला असतो किंवा सेन्सरपाशी कूलंटऐवजी हवा आणि वाफ असते. खरं पाणी अशा उड्या मारत नाही, चार-पाच लिटर कूलंट दोन सेकंदांत दहा अंश उतरूच शकत नाही. एसीच्या कॉम्प्रेसरचा 'टक्' आवाज आला की फॅन लागतो आणि त्याच्याबरोबरच बंद होतो, तर इंजिन सोडून एसीच्या गॅसकडे बघायचं. गॅस कमी झाला की लो प्रेशरवर कॉम्प्रेसर कटतो, प्रेशर वर आलं की लागतो, आणि फॅन बिचारा त्याच्यामागे नाचत राहतो. आणि तापमान सरळ चढतंय, ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, फॅन चालू ठेवायला सांगतोय, तरी फॅन मधेच तुटतो, तर दोष ईसीयूच्या पुढे: रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, वायर, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडची जोडणी), मोटर. यापलीकडे काही नाही.

वीज तपासण्याआधी कूलंट बघितलं. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढायचं. बाटलीतली पातळी खूणेवर असली म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं नाही. झाकणाचं रबर गेलं तर गरम कूलंट बाटलीत जातं पण गार होताना परत ओढलं जात नाही, वर हवा राहते. या गाडीत रेडिएटर काठोकाठ भरलेला, कूलंट हिरवं आणि स्वच्छ, वर तेलाचा तवंग नाही. गार इंजिन चालू करून झाकणाच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात का तेही पाहिलं, कारण हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं असेल तर बाकीचा सगळा तपास वाया जातो. बुडबुडे नव्हते.

झाकणाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण बेळगावात त्याला वेगळं महत्त्व आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. इथे उघड्या भांड्यातलं साधं पाणी १०० ला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. बहुतेक गाड्यांचा फॅन लागतो ९५ ते १०२ च्या दरम्यान. झाकण दाब धरत असेल, त्यावर ०.९ किंवा १.१ बार असा आकडा छापलेला असतो, तर उकळण्याचा बिंदू ११७ ते १२० च्या घरात जातो आणि काळजी नाही. पण झाकणाची स्प्रिंग मेली असेल आणि आत नुसतं पाणी असेल, तर फॅन लागायच्या आधीच हेडमध्ये वाफ धरू लागते. वाफेचा बुडबुडा सेन्सरपाशी आला की रीडिंग भलतंच, फॅन वेडावाकडा. गोव्यात नीट चाललेली गाडी चोर्ला चढून वर आल्यावर असा फॅन करू लागली, तर सेन्सरआधी झाकण बदलून बघावं. ते पार्टमध्ये सगळ्यात स्वस्त.

पाण्याबद्दलही तेच. अथणी, रायबाग, चिकोडी भागात बोअरचं पाणी जड. तेच रेडिएटरमध्ये ओततात, वर्षाभरात पांढरा थर धरतो. त्याहून वाईट म्हणजे आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी: ते शुद्ध तर नसतंच, उलट सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, एवढंच टाकावं. लहान गाडीला एकूण चार-पाच लिटर लागतं, त्यात कंजुषी करण्यासारखं काही नाही.

आता स्कॅनर. ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी डोंगलही चालतो, फक्त त्यात कूलंटचं तापमान आणि शक्यतो फॅनची आज्ञा, म्हणजे लो आणि हाय, दिसली पाहिजे. गाडी गरम होऊ दिली. ८६ ला रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हळूहळू गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. इन्फ्रारेड थर्मामीटरने खालचा होज वरच्यापेक्षा बारा अंशांनी कमी दिसला, म्हणजे पाणी फिरतंय आणि जाळीत गार होतंय. इन्फ्रारेडची एक खोड लक्षात ठेवावी: चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी दाखवतो. धातूवर मोजायचं तर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मारावा. रबरी होजवर तो बरोबर दाखवतो.

९८ अंश झाले, स्क्रीनवर 'फॅन लो: चालू' आलं. बॉनेटखाली शांतता. ९९, १००, १०१. फॅन स्तब्ध. १०३ ला 'फॅन हाय: चालू', आणि फॅन धाडकन लागला. ९९ ला हाय बंद झाला, फॅन थांबला, पण स्क्रीनवर लो अजून चालूच होता. नियमित तालाचं उत्तर तिथेच मिळालं. या गाडीत फॅनचे दोन वेग आहेत आणि त्यातला हळू वेग मेला आहे. तापमान ९८ वर हळू वेगाने सांभाळलं जाण्याऐवजी १०३ पर्यंत चढतं, मग पूर्ण वेगाचा फॅन येऊन त्याला ९९ ला ढकलतो, आणि हेच चक्र चालू राहतं. मालकाला ऐकू येत होता तो फक्त दुसरा वेग. गेटला एसी गार का करत नव्हता तेही यातच आलं: एसी लावला की ईसीयू आधी लो फॅन मागतो, तो नाहीच, म्हणून कंडेन्सरवर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) वारा नाही, गॅसचं प्रेशर चढत राहतं.

मधल्या तुटण्याच्या वेळी स्क्रीनवर नजर ठेवली. फॅन तुटला तेव्हा तापमान १०१ आणि आज्ञा 'हाय: चालू', जशीच्या तशी. सेन्सर निर्दोष. तरी खात्रीसाठी त्याचा कपलर आणि वायर दहा-बारा इंच हलवून पाहिली, आकडा हलला नाही. कपलर काढला तर फॅन लगेच पूर्ण वेगाने लागला. सेन्सरचा निरोपच येईना म्हटल्यावर बहुतेक ईसीयू सुरक्षेसाठी फॅन सतत चालू ठेवतात. म्हणून 'सेन्सर गेला म्हणून फॅन बंद पडला' हे निदान अशा गाड्यांत ऐकलं की जरा थांबावं. मीटरवर मोजायचा असेल तर दोन पायांच्या सेन्सरला २० अंशांला दोन-अडीच किलो-ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास ओहम, १०० ला दोनशेच्या आत. तापमान चढेल तसा रोध उतरायला हवा, आणि तोही सलग, गचके न देता.

जुन्या गाड्यांत ईसीयू नसतो, रेडिएटरच्या टाकीत थर्मो स्विच असतो. तो शेगडीवर पाण्याच्या भांड्यात लोंबकळत ठेवून मीटरने तपासायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण बेळगावात तिने चुकीचा निकाल लागू शकतो. स्विचवर १०० अंश लिहिलं असेल तर इथलं उकळतं पाणी तिथपर्यंत पोचतच नाही. मिस्त्री म्हणतो स्विच मेला, आणि चांगला स्विच भंगारात जातो. अशा वेळी पाण्याऐवजी खायचं तेल घ्यावं, थर्मामीटर लावून मंद आचेवर १०५ पर्यंतच न्यावं, आणि फक्त स्विचचं धातूचं टोक बुडवावं. तेलात पाण्याचा थेंब नको. कूलंट गरम करून बघायचा मोह टाळा, ते विष आहे आणि भांडं परत स्वयंपाकात वापरता येत नाही. स्विच लागण्याच्या आणि सुटण्याच्या तापमानात पाच-आठ अंशांचं अंतर हवं. दोन अंशांतच लागतो-सुटतो, तर फॅनही तसाच करणार.

गाडीकडे परत. हळू वेग या गाडीत रेझिस्टरमधून येतो. लो रिले लागला की करंट रेझिस्टरमधून मोटरला, हाय रिले लागला की सरळ मोटरला. रेझिस्टर फॅनच्या प्लास्टिक चौकटीवर, वाऱ्याच्या झोतात बसवलेला असतो, कारण तो चालू असताना तापतो आणि त्याला वारा लागतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. इंजिन बंद असतानाही फॅन लागू शकतो, आणि फॅनच्या पात्यांजवळ बोटं घालायची असतात तेव्हा ही वायर काढलेलीच हवी. रेझिस्टरचा कपलर काढून मीटर लावलं. अर्धा ओहम अपेक्षित होता, मीटरने काहीच दाखवलं नाही, सर्किट उघडं. (इतका कमी रोध मोजताना मीटरच्या दोन्ही काड्या आधी एकमेकींना टेकवून त्यांचा ०.२-०.३ ओहम वजा करावा लागतो. इथे तो प्रश्नच आला नाही.)

रेझिस्टर मेला हे कळलं, पण का मेला हे कळल्याशिवाय नवा बसवला तर तोही मरतो. चौकट सोडवून बाहेर काढली आणि कारण हातात आलं. पात्याच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीत उसाच्या पाचटाचा वितभर तुकडा अडकून वाळला होता, एका टोकाला पात्याने घासून गुळगुळीत झालेला. गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे ताशी दहा-पंधराने रोज जाणाऱ्या गाडीच्या तोंडात पाचट जाणारच. हळू वेगाच्या फॅनला जोर कमी असतो. पात्यात काही अडकलं की तो फिरतच नाही, नुसता करंट ओढत उभा राहतो. एरवी रेझिस्टरमध्ये पंचवीसेक वॅट उष्णता तयार होते आणि वारा ती घेऊन जातो. मोटर अडली की तीच शंभर वॅटच्या पुढे जाते, आणि वाराही नाही. आतला थर्मल फ्यूज उडतो. मग १०३ ला पूर्ण वेग आला की तो पाचट घासत, ढकलत फिरतो. मालकाला तेव्हा फक्त एवढंच जाणवलं असणार की फॅनचा आवाज वाढलाय.

मोटर सुद्धा तपासून घेतली. जाड वायर आणि मधे ३० अँपिअरचा फ्यूज घालून बॅटरीवरून थेट चालवली, डीसी क्लॅम्प मीटर लावलं: १२ अँपिअर. या आकाराच्या फॅनला ठीक. १८-२० दिसले असते तर बुश (मोटरच्या आसाचे बेअरिंग) घट्ट झालेत किंवा पातं चौकटीला घासतंय असं धरलं असतं. हाताने फिरवल्यावर पातं मोकळं फिरलं आणि हळूहळू थांबलं, झटक्यात थांबलं नाही. कार्बन झिजलेली मोटर कधी चालते कधी नाही, हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकली की सुरू होते. तसं काही नव्हतं. म्हणजे सेकंदांचा ताल मोटरचा नाही.

त्यासाठी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत व्होल्टेज कुठे किती गळतं ते, काढला. टेस्ट लॅम्प इथे फसवतो: लॅम्पला अर्धा अँपिअरही पुरतो, तो जळक्या कॉन्टॅक्टमधूनही झकास पेटतो. तपासायचं तर फॅन पूर्ण वेगाने फिरत असतानाच. इंजिन चालू, सेन्सरचा कपलर काढून फॅन हायवर आणला, मीटर डीसी व्होल्टवर. मोटरची निगेटिव्ह ते बॅटरीची निगेटिव्ह: ०.०७ व्होल्ट. अर्थ उत्तम. बॅटरीची पॉझिटिव्ह ते मोटरची पॉझिटिव्ह: १.६ व्होल्ट. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग तुकडे पाडले. बॅटरी ते फ्यूज ०.०५. फ्यूजच्या दोन पायांत ०.०४. फ्यूज ते रिलेचा ३० नंबर (करंट आत येण्याचा पाय) ०.०६. रिलेच्या ३० पासून ८७ च्या (करंट बाहेर जाण्याचा पाय) वायरपर्यंत १.३५. तिथून मोटरपर्यंत ०.१०. बेरीज बरोबर १.६.

रिले ओढून काढला. ८७ चा पाय निळसर-तपकिरी झालेला, आणि फ्यूज बॉक्समधल्या त्या खोबणीचं प्लास्टिक कडेला विरघळून गोल झालेलं. खोबणीतली पितळी पकड ढिली: सुट्या रिलेचा पाय एकेका खोबणीत घालून बघितला तर बाकीच्यांत ओढ लागते, ८७ मधून लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. १२ अँपिअर गुणिले १.३५ व्होल्ट म्हणजे सोळा वॅट, एका टाचणीएवढ्या जागेत. लहान सोल्डरिंग आयर्न खोबणीत खोचून ठेवल्यासारखंच. तापलं की पकड फाकते, फॅन तुटतो. चार सेकंदांत गार झालं की परत चिकटते, फॅन लागतो. सेकंदांचा ताल तो हा.

पकड फाकली कशाने, याला आमच्या मते दोन गोष्टी मिळून झाल्या. आधीच्या तपासात कुणीतरी खोबणीत टेस्ट लॅम्पची जाड सुई खुपसलेली दिसत होती, पितळेवर चरा होता. खोबणीत रिलेच्या पायापेक्षा जाड काहीही घालू नये, लागलंच तर त्याच मापाची पातळ पट्टी घालावी किंवा खालून वायरच्या बाजूने मोजावं. आणि दुसरं म्हणजे हळू वेग मेल्यामुळे सगळं ओझं हाय रिलेवर आलं. थांबलेली मोटर सुरू होताना तीन-चार पट करंट ओढते, ३५-४५ अँपिअर. हळू वेग असता तर हाय रिले क्वचित लागला असता, आणि लागला तरी आधीच फिरणाऱ्या मोटरवर. आता दर तीन मिनिटांना थांबल्या मोटरचा पूर्ण धक्का त्या ढिल्या पकडीने सोसला. पाचटाचा तुकडा फ्यूज बॉक्सपर्यंत पोचला तो असा.

मालकाने मधे विचारलंच, एवढं कशाला, फॅन डायरेक्ट करून डॅशबोर्डला बटण देता येईल की. गोव्याला येणं-जाणं करणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ते बटण असतं. पातळ वायर, फ्यूज नाही, रिले नाही, आणि १२ अँपिअर साध्या बटणातून. एक दिवस वायर तापून कातडं सोडते. विसरलं तर बॅटरी उतरते, लावायचं विसरलं तर हेड जातं.  नको म्हणून सांगितलं.

दुरुस्ती साधी होती. खोबणीतली ८७ ची पकड मागून सोडवून नवी घातली, वायर पूर्वीच्याच जाडीची, जोड क्रिम्पचा, म्हणजे पकड वायरवर दाबून केलेला. नुसतं सोल्डर केलं तर थरथरीने तिथेच वायर तुटते. रिले नवा, जुन्यावरच्या नंबरचाच. हॉर्नचा रिले तात्पुरता अदलाबदल करून बघायला हरकत नाही, पण आकृती आणि नंबर जुळत असतील तरच. सारख्या दिसणाऱ्या रिलेत पायांची जोडणी वेगळी निघते. रेझिस्टर नवा. मग कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्चने बघितली. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती, आत पाचटाचा भुसा आणि धुळीची गादी बसली होती. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, कमी दाबाने, सरळ. प्रेशर वॉशर जवळून मारला की फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात, आणि आडव्या फिन म्हणजे बंद जाळी.

सगळं जोडून पुन्हा वही उघडली. पॉझिटिव्हचा ड्रॉप १.६ वरून ०.२८ वर. एसी बंद, आयडल: ९८ ला फॅन हळू लागला, आवाज एवढा कमी की बॉनेट उघडं असूनही हात धरून खात्री करावी लागली. एक मिनिट चाळीस सेकंदांनी ९४ ला थांबला. चार मिनिटं पाच सेकंद शांत, मग पुन्हा. पाच फेऱ्यांत एकदाही तुटला नाही, हाय वेग एकदाही लागला नाही. एसी लावताच लो फॅन लगेच, आणि झरोक्याला थर्मामीटर धरला तर उभ्या गाडीत हवा ९ अंशांवर आली. गाडी गेली तेव्हा गाळपाचे आणखी काही आठवडे शिल्लक होते. दर रविवारी टॉर्च घेऊन फॅनच्या चौकटीत डोकावा, एवढं मालकाला सांगितलं, आणि जुना रेझिस्टर त्या पाचटाच्या तुकड्यासकट पिशवीत घालून दिला.